हसण्यावारी नेलेली माणसे : किशोरवयीन प्रेमविनोदी चित्रपटांतील सांस्कृतिक साचे

किशोरवयीन प्रेमविनोदी चित्रपट हा प्रामुख्याने अमेरिकेत घडलेला आणि तेथून जगभर पोहोचलेला प्रकार आहे. शाळेची शेवटची दोन-तीन वर्षे, प्रेमात पडलेली एक मुलगी, तिच्याकडे लक्ष नसलेला देखणा मुलगा, मध्ये उद्भवणारे गैरसमज आणि शाळेच्या नृत्यसमारंभापर्यंत किंवा त्यानंतर लगेच जुळून येणारे प्रेम, एवढ्या सामग्रीवर या प्रकारातील असंख्य चित्रपट उभे राहिले आहेत. दीड तासाच्या या गोष्टीत वीस-पंचवीस मुलामुलींची शाळा उभी करायची असल्याने प्रत्येक पात्र पडद्यावर येताक्षणी ओळखू यावे लागते, आणि म्हणून खेळाडू, लाडावलेली सुंदरी, चष्मेवाला हुशार, सर्वांपासून फटकून राहणारी बंडखोर अशी ठरीव पात्रे या चित्रपटांत पुन्हा पुन्हा भेटतात. ठरीव पात्रांत मुळात काही गैर नाही. संस्कृत नाटकांतील विदूषक किंवा तमाशातील सोंगाड्या आणि मावशी ही ठरीव पात्रेच आहेत, आणि त्यांच्या ठरीवपणातूनच नटाला मोकळीक मिळते. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा पात्राचा ठरीवपणा त्याच्या स्वभावातून न येता त्याच्या वंशातून, भाषेतून किंवा देशातून येतो आणि त्या एका पात्राच्या रूपाने सबंध समाजच तसा असल्याचे प्रेक्षकाच्या मनावर ठसते. याला सांस्कृतिक साचा म्हणतात. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात ही कल्पना मांडली तेव्हा त्यांचा रोख असा होता की, माणूस आधी पाहतो आणि मग मत बनवतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा मत आधीच तयार असते आणि डोळे त्याला जुळेल तेवढेच टिपतात.

साचे सर्वच प्रकारच्या चित्रपटांत असतात. परंतु प्रेमकथेत त्यांच्याकडे एक जास्तीचे काम येते. युद्धपटातील साचा शत्रू कोण हे सांगतो, गुन्हेपटातील साचा संशय कोणावर घ्यायचा हे सांगतो, आणि प्रेमविनोदी चित्रपटातील साचा कोणाचे प्रेम मनावर घ्यायचे व कोणाचे हसण्यावारी न्यायचे हे ठरवतो. सोळा वर्षांच्या प्रेक्षकाला नेमकी हीच गोष्ट सर्वांत जिव्हाळ्याची वाटत असते. आपण कोणाला आवडू शकतो का, हा प्रश्न ज्या वयात रात्रंदिवस सतावतो, त्या वयात आपल्यासारख्या चेहऱ्याचा मुलगा पडद्यावर आला की सगळे सभागृह हसते, हा अनुभव साधा नसतो.

या दृष्टीने जॉन ह्यूज यांचा ‘सिक्स्टीन कँडल्स’ हा १९८४ सालचा चित्रपट बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या चार दशकांतील किशोरवयीन प्रेमपटांनी त्याच्याकडून पुष्कळ काही घेतले. शिकागोच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय घरे, मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत सबंध कुटुंबाला विसर पडलेला सोळावा वाढदिवस आणि मॉली रिंगवॉल्डने साकारलेली सामंथा यांमुळे मुलींच्या मनातील लहानसहान दुःखांना मुख्य प्रवाहातील अमेरिकी चित्रपटात मानाचे स्थान मिळाले. ह्यूज यांचे हे ऋण मान्य करावेच लागते. मात्र त्याच घरात सामंथाच्या आजी-आजोबांबरोबर लाँग डक डाँग नावाचा एक परदेशी विद्यार्थी येतो, आणि सामंथाकडे इतक्या हळुवारपणे पाहणारी लेखणी त्याच्याकडे वळताच पूर्ण बदलते.

हे पात्र कसे रचले आहे ते पाहावे. त्याचे नाव कोणत्याही आशियाई भाषेतील नेहमीचे नाव नसून इंग्रजी कानाला चावट आणि हास्यास्पद वाटावे अशा बेताने जुळवलेले आहे. दोन मजली पलंगाच्या वरच्या मजल्यावरून उलटा लोंबकळत तो सामंथाला प्रथम दर्शन देतो आणि मोडक्या उच्चारात एक लघळ वाक्य बोलतो. जेवणाच्या टेबलावर तो काटा आणि चमचा चॉपस्टिक्ससारखे, म्हणजे चिनी लोक जेवताना वापरतात त्या काड्यांसारखे, धरतो. तो पडद्यावर आला किंवा त्याचे नाव निघाले की पार्श्वसंगीतात काशाच्या मोठ्या थाळीवर टोला दिल्यासारखा आवाज घुमतो. हा टोला या रचनेचा गाभा आहे. सामंथाच्या दृश्यांत संगीत तिच्या मनाची अवस्था सांगते, तर डाँगच्या दृश्यांत ते फक्त त्याच्या परकेपणाची घोषणा करते, त्यामुळे त्याला मन असण्याची शक्यता पहिल्याच टोल्याला संपते. त्याला पुढे एक जोडीदारीण मिळते, पण ती त्याच्यापेक्षा धिप्पाड, पुरुषी ताकदीची दाखवली आहे आणि त्या दोघांचे एकत्र नाचणे हाही एक विनोदच ठरतो. शाळेतील देखण्या जेकचे सामंथावरील प्रेम मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित होते. डाँगचे प्रेम दारूच्या नशेत हिरवळीवर पडलेले आढळते. ही भूमिका करणारे गेडी वातानाबे हे युटा राज्यातील ऑग्डेन येथे जन्मलेले जपानी वंशाचे अमेरिकी नट, म्हणजे ज्या उच्चारावर प्रेक्षक हसले तो उच्चार त्यांचा नव्हताच, तो भूमिकेसाठी कमावलेला होता. चित्रपट गाजल्यावर शाळाशाळांतून आशियाई चेहऱ्याच्या मुलांना या पात्राच्या नावाने चिडवले जाऊ लागले, हे त्या पिढीतील अनेकांनी पुढे सांगितले आहे.

हा साचा ह्यूज यांनी शून्यातून काढला नव्हता, त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खाणी आणि रेल्वेच्या कामासाठी आलेल्या चिनी मजुरांना त्या कामांतून हुसकावून लावले गेल्यावर त्यांतील पुष्कळांना कपडे धुणे आणि स्वयंपाक अशा, त्या काळी बायकांच्या समजल्या जाणाऱ्या, कामांवर पोट भरावे लागले. १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ थांबले, १८८२ च्या कायद्याने मजुरांचेही थांबले, आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी गोऱ्या व आशियाई व्यक्तींच्या विवाहावर बंदी घातली. वंशावर आधारलेले असे उरलेसुरले विवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवायला १९६७ साल उजाडले. म्हणजे या पुरुषांना संसार करता येणार नाही अशी व्यवस्था आधी कायद्याने केली आणि नंतर ते संसाराला नालायक आहेत अशी समजूत करमणुकीने पसरवली. चित्रपटसृष्टीनेही स्वतःवर हेज संहिता या नावाने ओळखली जाणारी नियमावली लादून घेतली होती, जी १९३४ पासून कडकपणे पाळली गेली आणि १९६८ मध्ये मोडीत निघाली. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधील शरीरसंबंध दाखवण्यास स्पष्ट बंदी होती आणि प्रत्यक्षात तिची छाया आशियाई पात्रांवरही पडत असे. चीनमधील शेतकरी कुटुंबावरील ‘द गुड अर्थ’ या १९३७ च्या चित्रपटात नायकाची भूमिका पॉल म्युनी या गोऱ्या नटाकडे गेल्यावर नायिकेच्या भूमिकेसाठी ॲना मे वाँग या चिनी वंशाच्या नामवंत अभिनेत्रीचा विचारच उरला नाही. ती भूमिका लुइझ रायनर या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळाले.

ऐंशीच्या दशकाचा तात्कालिक संदर्भही विसरता येत नाही. जपानी मोटारींमुळे अमेरिकी कारखाने बंद पडत असल्याचा राग तेव्हा धुमसत होता. जून १९८२ मध्ये डेट्रॉइट येथे व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला, त्याच्या लग्नाला काही दिवस उरले असताना, मोटार उद्योगाशी संबंधित दोन गोऱ्या पुरुषांनी बेसबॉलच्या बॅटने मारहाण करून ठार केले, आणि त्यांना तुरुंगवास न होता चांगल्या वर्तणुकीची हमी व ३,००० डॉलर दंड एवढ्यावर सोडण्यात आले. ‘सिक्स्टीन कँडल्स’ त्यानंतर दोनच वर्षांनी आला. चित्रपटाने हिंसा पेरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आशियाई माणूस म्हणजे कायमचा परका, हा त्या हत्येमागचा आणि त्या विनोदामागचा समज एकच होता, हे नाकारता येत नाही.

याच चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे, जिचा संबंध वंशाशी नसून स्त्रीविषयीच्या साच्याशी आहे. जेक आपल्या शुद्ध हरपलेल्या मैत्रिणीला, कॅरोलाइनला, एका अल्पवयीन मुलाच्या हवाली मोटारीसकट करतो आणि सकाळी तिला घडलेल्याचे वाईट वाटत नाही असे दाखवून प्रेक्षकाची टोचणी काढून घेतली जाते. स्वतः रिंगवॉल्ड यांनी एप्रिल २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात लिहिलेल्या दीर्घ लेखात ह्यूज यांच्याविषयीचा कृतज्ञभाव न सोडता अशा दृश्यांची कठोर चिकित्सा केली, आणि आवडत्या कलाकृतीकडे प्रौढपणी कसे पाहावे याचा तो एक वस्तुपाठ ठरला. ‘लाडावलेली सुंदरी’ हा साचा एकदा चिकटला की तिच्यावरील अन्याय हा अन्याय वाटेनासा होतो.

नव्वदच्या दशकात उघड टिंगल ओसरली आणि तिची जागा एका सभ्य साच्याने घेतली. गोऱ्या नायिकेला आता काळी मैत्रीण मिळू लागली. ती सुंदर असते, हजरजबाबी असते, नायिकेला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते, पण तिच्या घरी कोण आहे, तिला काय हवे आहे, हे चित्रपट संपेपर्यंत कळत नाही. गॅब्रिएल युनियन या अभिनेत्रीने १९९९ या एकाच वर्षी ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ आणि ‘शीज ऑल दॅट’ या दोन गाजलेल्या चित्रपटांत नायिकेच्या किंवा नायकाच्या वर्तुळातील अशा दुय्यम भूमिका केल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘ब्रिंग इट ऑन’ मध्ये तिला या साच्याला छेद देणारी भूमिका मिळाली. त्यात सॅन दिएगोच्या श्रीमंत शाळेतील नृत्यपथक ज्या कवायतींवर वर्षानुवर्षे बक्षिसे मिळवत आले, त्या सगळ्या ईस्ट काँप्टन या गरीब वस्तीतील काळ्या मुलींकडून चोरलेल्या निघतात. दुबळ्या समाजाची कला त्याचे नाव पुसून वापरणे याला अभ्यासक सांस्कृतिक उचलेगिरी म्हणतात, आणि हा विषय इतक्या सोप्या रीतीने मांडणारा दुसरा किशोरपट सापडणे कठीण आहे. शेवटी काँप्टनच्या मुली स्पर्धा जिंकतात. प्रेमकथा मात्र गोऱ्या नायिकेच्याच वाट्याला येते.

अशा चित्रपटांना स्वतःच्या मर्यादेची पुसट जाणीव असते, हेही सांगायला हवे. ‘टेन थिंग्ज’ मध्ये स्त्रीवादी पुस्तकांची मागणी करणाऱ्या नायिकेला तिचे काळे शिक्षक सुनावतात की, पुढच्या वेळी शाळेकडे तक्रार घेऊन जाशील तेव्हा काळ्या लेखकाचे एखादे पुस्तक का घेत नाहीत हेही विचार. ॲमी हेकरलिंग यांच्या ‘क्लूलेस’ (१९९५) या चित्रपटात, जो जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीवर बेतलेला आहे, श्रीमंत नायिका घरकाम करणाऱ्या लूसीला मेक्सिकन समजून बोलते आणि लूसी दुखावून निघून जाते, कारण ती एल साल्वादोरची असते. नायिकेला आपले अज्ञान कळते आणि तिच्या शहाण्या होण्याच्या प्रवासात या प्रसंगाला स्थान आहे. पण लूसीचे पुढे काय, हे चित्रपट विचारत नाही. तिचा अपमान नायिकेच्या शिक्षणासाठी वापरून झाला की तिचे काम संपते.

भारतीय वाचकाला जवळचा वाटेल असा साचा ‘आदर्श अल्पसंख्याक’ या नावाने ओळखला जातो. समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांनी १९६६ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या यशावर लिहिलेल्या लेखापासून ही कल्पना रूढ झाली. आशियाई लोक कष्टाळू, अभ्यासू आणि तक्रार न करणारे असतात, असा तिचा सूर आहे. ती स्तुती वाटते, पण तिच्यात दोन गफलती आहेत. पहिली अशी की, १९६५ च्या स्थलांतर कायद्याने शिक्षण आणि व्यावसायिक कौशल्य पाहून माणसे निवडली, म्हणून डॉक्टर आणि अभियंतेच अधिक आले. मुंबई-पुण्याहून गेलेली कित्येक मराठी कुटुंबे याच दाराने अमेरिकेत शिरली. गाळून घेतलेल्यांची हुशारी हा मग वंशाचा गुण मानला गेला. दुसरी गफलत प्रेमकथेच्या दृष्टीने अधिक घातक आहे: जो फक्त अभ्यास करतो त्याला इच्छा नसतात असे गृहीत धरले जाते. ‘मीन गर्ल्स’ (२००४) मध्ये शाळेच्या उपाहारगृहाचा हाताने काढलेला नकाशा नव्या मुलीला दिला जातो आणि त्यात कोणत्या टेबलावर कोणती जमात बसते हे लिहिलेले असते. आशियाई मुलांसाठी तेथे ‘हुशार’ आणि ‘झकपक’ अशी दोन टेबले आहेत. पटकथाकार टिना फे यांचा हेतू शाळेतील या वाटणीवरच बोट ठेवण्याचा आहे, आणि तो काही ठिकाणी साधतोही. आफ्रिकेहून नवी विद्यार्थिनी आली आहे असे कळताच शिक्षिका वर्गातील काळ्या मुलीचे स्वागत करते, आणि ती मुलगी मिशिगनची निघते; आफ्रिकेत वाढलेली मुलगी गोरी असते. मात्र गणित-चमूचा प्रमुख केव्हिन ग्नपूर हा भारतीय वळणाच्या नावाचा मुलगा रॅप म्हणतो, मुलींवर छाप पाडू पाहतो, आणि त्याची ही हौस पुन्हा विनोदाच्याच खात्यात जमा होते.

खरा बदल २०१८ साली दिसला. जेनी हान या कोरियाई वंशाच्या लेखिकेच्या २०१४ मधील कादंबरीवर आधारलेला ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि त्याच आठवड्यात ‘क्रेझी रिच एशियन्स’ चित्रपटगृहांत लागला. हान यांनी तेव्हा जाहीरपणे लिहिले की, नायिका आशियाईच हवी या अटीला एकच निर्मितिसंस्था तयार झाली आणि म्हणून त्यांनी तिची निवड केली. लाना काँडॉर या व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या अभिनेत्रीने साकारलेली लारा जीन घाबरते, चोरून पत्रे लिहिते, चिडते, प्रेमात पडते; तिच्या घरात दिवंगत आईची कोरियाई आठवण आहे, पण तो प्रदर्शनाचा विषय नाही. एका दृश्यात ती आपल्या मित्राला ‘सिक्स्टीन कँडल्स’ दाखवते, डाँगला पाहून तो बिचकतो आणि हे वंशद्वेषी नाही का असे विचारतो. ती ते सरळ मान्य करते, तरी चित्रपट तिला आवडतो. एका लोकप्रिय चित्रपटाने आपल्या पूर्वजाचा दोष त्याच प्रकाराच्या आत राहून दाखवावा, ही मोलाची घटना होती. तरीही त्या पहिल्या चित्रपटात लारा जीनने पत्रे लिहिलेल्या पाच मुलांत आशियाई मुलगा एकही नव्हता. मुलीला दार उघडले, मुलगा अजून बाहेरच उभा होता. तो आत आला तो चित्रपटात नव्हे, मालिकेत: मिंडी केलिंग आणि लँग फिशर यांच्या ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ (२०२० ते २०२३) मध्ये सगळी शाळा ज्याच्यावर भाळते तो पॅक्स्टन जपानी वंशाचा आहे, आणि त्याच्यावर भाळणारी देवी ही तमिळ घरातील, तापट, चुका करणारी, वडिलांच्या मृत्यूने हललेली मुलगी आहे.

या सगळ्यांत ॲलिस वू यांचा ‘द हाफ ऑफ इट’ (२०२०) श्रेष्ठ मानावा लागतो. वॉशिंग्टन राज्यातील एका काल्पनिक गावात राहणारी एली चू ही वर्गातील सर्वांत हुशार मुलगी आहे, म्हणजे वरवर पाहता तोच जुना साचा. पण ती हुशारी येथे घराच्या अडचणीला जोडलेली आहे: अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवलेले तिचे वडील इंग्रजी नीट न आल्याने लहानशा रेल्वे स्थानकावर नोकरी करतात, जुने चित्रपट पाहून भाषा शिकतात, आणि एली पैशांसाठी वर्गमित्रांचे निबंध लिहिते. पॉल नावाचा एक भोळा मुलगा तिच्याकडून प्रेमपत्रे लिहून घेतो आणि ज्या मुलीला ती जातात तिच्यावर एलीचेही प्रेम असते. वडील पॉलशी चिनी भाषेत मनातले बोलतात त्या दृश्यात त्यांच्या उच्चाराला कोणीही हसत नाही, कारण तेथे ते आपल्या भाषेत, आपल्या पूर्ण उंचीने उभे आहेत. भाषा न कळणारा पॉलच त्या क्षणी परका आहे.

मराठी प्रेक्षकाला हा सारा प्रकार दूरचा वाटण्याचे कारण नाही. ‘पडोसन’ (१९६८) हा किशोरपट नसला तरी प्रेमविनोदी चित्रपट आहे, आणि त्यात मेहमूद यांनी रंगवलेला दाक्षिणात्य संगीतशिक्षक हा नायकाचा प्रेमातील प्रतिस्पर्धी असून त्याची शेंडी, त्याचा पेहराव आणि त्याचे हिंदी यांवरच त्याचा पराभव आधीच लिहिलेला आहे. हिंदी चित्रपटांतील मोलकरीण आणि हवालदार मराठी वळणाचे हिंदी बोलून हशा मिळवतात, तेव्हा मराठी माणसाला ते खुपते आणि ते खुपणे रास्त आहे. परंतु मराठी विनोदी चित्रपट-नाटकांतील भैया, अण्णा आणि शेठ यांच्या बोलण्यावर मिळणारा हशा त्याच जातीचा आहे. मराठी किशोरपटाने नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ मध्ये जातीच्या भिंतीआडून प्रेम पाहणाऱ्या जब्याला नायक केले आणि त्याचे प्रेम हसण्यावारी नेले नाही, एवढी ताकद या भाषेतील लेखक-दिग्दर्शकांत आहे. मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या मराठी शाळांत आज घरी भोजपुरी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलेमुली मराठीत कविता पाठ करतात, मराठीत भांडतात आणि मराठीतच प्रेमात पडतात. पुढची मराठी किशोरवयीन प्रेमकथा लिहिणाऱ्याने त्यांच्यातील एकीला नायिका करावे, तिच्या घरातील भाषा पडद्यावर जशीच्या तशी ऐकू यावी, आणि ती प्रेमात पडेल तेव्हा तिच्या उच्चारावर कोणाला हसू येणार नाही अशा तोलाचे संवाद तिला द्यावेत.